पाळण्याची जाहिरात

“पुन्हा पाळणा!”

तपासनिसांनी माउस टेबलावर असा आपटला, की चष्म्याचं घर उडून खाली पडलं. पडद्यावर धरणाच्या बातमीच्या मधोमध एक पांढरा पाळणा आपला आपण डुलत होता. बातमीच्या चार ओळी त्यानं गिळल्या होत्या. खाली गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं : तो क्षण आता जवळ आलाय!

“कोणाचा क्षण जवळ आलाय? माझा? माझा जवळ आलाय तो वेगळाच! त्याला पाळणा लागत नाही, चार माणसं लागतात.”

आतल्या खोलीत त्यांची बायको शिवणयंत्रावर कुणाच्या तरी पँटची कंबर सैल करत होती. पायडलवरचा तिचा पाय थांबला. सुई कापडातच राहिली.

“अगं, ऐकतेयस का?”

“सगळी गल्ली ऐकतेय.”

“काल लंगोट. परवा दुधाच्या बाटल्या. त्याआधी ते बायकांचे सैल झगे. या घरात दोन म्हातारी माणसं राहतात, एवढंही ठाऊक नाही का या लोकांना?”

“मग बघू नका.”

“मी नाही बघत. तेच बघतायत मला!”

सुई वर घेऊन तिनं धागा तोडला, खरं तर तो तोडायचा नव्हता.

तपासनीस म्हणजे वीज कंपनीतून निवृत्त झालेले मीटर तपासनीस. नोकरी संपली, स्वभाव काही निवृत्त झाला नाही. उभं आयुष्य लोकांच्या घरांत शिरून, मीटरच्या मागे, माळ्यावर, खांबावर बॅटरी मारून त्यांनी चोरीची वायर शोधली होती. खांबावरच्या तारेला वाकवलेली वायर अडकवून लोक फुकट वीज घेतात, त्याला आकडा टाकणं म्हणतात. असा आकडा तपासनिसांना चालत्या बसमधूनसुद्धा दिसायचा. आता खांब राहिले नव्हते, तर घरातला कॉम्प्युटर सापडला होता. जगात आपोआप काही होत नाही, प्रत्येक गोष्टीच्या मागे कोणीतरी असतं, यावर त्यांची श्रद्धा होती. देवावर नसेल इतकी.

“आज याचा सोक्षमोक्षच लावतो,” ते म्हणाले आणि खिशातून त्यांनी एक पेन ड्राइव्ह काढला. चौकातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं त्यात सफाईचं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. “तो म्हणाला, साहेब, तुमच्या मशीनमध्ये नको ते शिरलंय. ट्रॅकिंग कुकीज म्हणतात त्यांना. तुम्ही जिथं जाल तिथं मागे येतात, आणि बाहेर जाऊन तुमच्या चहाड्या करतात. घरभेदी लेकाचे! एकेकाला धरून बाहेर काढतो बघ.”

“सगळं काढायचं?” तिनं दारात येऊन विचारलं. हातात कात्री तशीच होती.

“सगळं.”

“चालतंय ना मशीन? चालत्या गाडीला खीळ कशाला घालता?”

“याला चालणं म्हणतात? एक पान उघडेपर्यंत माझा चहा गार होतो. ये इकडं. स्टूल घे. बस इथं शेजारी.”

“मी कशाला?”

“पंच म्हणून.”

तो शब्द ऐकला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पंच म्हणजे साक्षीला बसवलेला माणूस. तपासणीत जे सापडेल ते समोर बसून पाहायचं, लिहिलेलं ऐकायचं आणि खाली सही करायची. पंचांशिवाय तपासनिसांनी उभ्या नोकरीत एक वायर कापली नव्हती. तीन वर्षांपूर्वी, नोकरी संपत आली असताना, मागच्या गल्लीत खांबाला शिडी लावून ते हातात पक्कड घेऊन चढले तेव्हाही त्यांना पंच हवेच होते. खाली सगळी गल्ली जमली होती. कारण आकडा ज्या दुकानात उतरला होता ते वेल्डिंगचं दुकान तपासनिसांच्या एकुलत्या एका मुलाचं होतं.

चूक मुलाचीच होती. तिला ते तेव्हाही मान्य होतं आणि आजही होतं. धंदा नवा, घाई फार, अक्कल थोडी. पण घरी बोलावून दोन मुस्काटात देता आल्या असत्या. पहाटे जाऊन गुपचूप आकडा काढता आला असता. तसं नाही झालं. तपासनिसाच्या घरीच दिव्याखाली अंधार, असं कुणीतरी कुजबुजलं, ते यांच्या जिव्हारी लागलं आणि यांनी भर दुपारी, सगळ्यांदेखत शिडी लावली. वरून पंचांसाठी हाका मारल्या. गल्लीतलं एक माणूस पुढे आलं नाही. तेव्हा या बाबानं शिडीवरून बायकोला हाक मारली होती, “अगं, मग तू ये! तू सही कर!” ती पाठ फिरवून घरात निघून गेली होती. शेवटी रस्त्यानं जाणारे दोन परके लोक धरून आणले आणि पंचनामा पुरा झाला.

संध्याकाळी मुलगा वेल्डिंगचा मुखवटा आणि हत्यारांची पिशवी घेऊन निघाला. बाप खुर्चीतच बसलेला होता. त्याच्याकडे न पाहता तो आईला म्हणाला, “कंपनीच्या माणसाला सांग, मी जातोय.” त्यानंतर ना फोन, ना निरोप. तो काय करतो, कसा राहतो, एकटा आहे की दुकटा, घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. निदान तपासनिसांना तरी तसं वाटत होतं.

ती स्टूल ओढून बसली. सही करायला नव्हे. काही वाचवता येतंय का, ते बघायला.

सॉफ्टवेअर सुरू झालं. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली आणि खाली सापडलेल्या गोष्टींची नावं एकाखाली एक येऊ लागली. ‘सगळं साफ करा’ असं एक मोठं बटण कोपऱ्यात चमकत होतं. दुसरा कोणी असता तर ते दाबून चहा प्यायला गेला असता. पण तपासनिसांचा स्वभाव तसा नव्हता. घाऊक कारवाई म्हणजे हलगर्जीपणा. एकेक नाव मोठ्यानं वाचायचं, धोका केवढा ते वाचायचं, पंचाकडे बघायचं आणि मगच काढायचं.

“पहिली वस्तू. ‘हवामान पट्टी, फुकट.’ जाहिराती आणणारा प्रोग्रॅम, म्हणतोय. धोका मोठा.” त्यांचा आवाज चढला. “हे कोणी घातलं यात?”

“तुम्ही.”

“मी?”

“छत्री न्यायची का नाही ते कळावं म्हणून. रोज सकाळी त्यात बघता आणि रोज भिजून येता.”

तपासनिसांनी घसा साफ केला.

“काढला. पुढे.”

“चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका म्हणजे झालं,” ती म्हणाली.

पुढचं नाव एका बुटांच्या दुकानाचं होतं. त्यापुढचं पुस्तकांच्या दुकानाचं. मग प्रवासाच्या तिकिटांचं, जिथं ते आयुष्यात गेले नव्हते. मग नुसते आकडे आणि अक्षरं, ज्यांचा अर्थ कोणालाच लागला नसता, पण तपासनिसांनी तीसुद्धा एकेक अक्षर सुटं करून वाचली. “काढला,” ते म्हणत. प्रत्येक वेळी त्यांच्या चेहऱ्यावर थोडं तेज येई. ती मान हलवत होती आणि डोळे यादीच्या तळाशी लावून बसली होती.

मुलगा घर सोडून गेला त्याच्या आदल्या रात्री याच कॉम्प्युटरवर त्यानं वेल्डिंगचे व्हिडिओ बघितले होते. त्या साइटवरचं त्याचं खातं तसंच उघडं राहिलं. वर उजव्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढं गोल चित्र होतं, काळ्या मुखवट्याचं. काही महिन्यांनी चेन कशी बसवायची ते बघायला म्हणून ती त्या पानावर गेली, आणि तिला दिसलं की कोणीतरी कालच तिथं काहीतरी बघितलंय : ‘एका माणसापुरता भात.’ ती बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिली होती. एका माणसापुरता. म्हणजे एकटाच आहे. आणि हातानं करून खातोय.

तेव्हापासून तपासनीस सकाळी वाचनालयात गेले की ती शिवण बाजूला ठेवून इथं बसायची. गळकं छत कसं बुजवावं, हे त्यानं पाहिलं, तेव्हा तिला कळलं की छत गळतंय. पाठदुखीचे व्यायाम पाहिले, तेव्हा तिची स्वतःची पाठ दुखू लागली. मग जाहिराती सुरू झाल्या. खातं त्याचं, त्यामुळे तो तिकडे जे शोधेल त्याच्या जाहिराती इकडे येत. आधी कोट. मग अंगठ्या. त्या दिवशी ती खुर्चीत बसल्या बसल्या रडली आणि मग भयंकर चिडली. लग्न करतोस आणि आईला कळवायची रीत नाही? मला कळावं ते सोनाराच्या जाहिरातीतून? मग मोठी गादी आली. बायकांच्या चपला आल्या. मग मळमळीवरचे उपाय, मग सैल झगे. सुतावरून स्वर्ग गाठणं हा तर तिचा धंदाच होता. गल्लीतल्या कोणत्या पोरीला दिवस गेलेत, हे तिच्या सासूच्या आधी हिला कळायचं, ब्लाउज सैल करायला आला की.

ती तिथं कधी काही दाबायची नाही. दाबलं की ते त्याच्याही यादीत दिसणार, आणि दिसलं की तो दार लावून घेणार. एकदाच बोट घसरलं होतं. ‘हातानं काज कसं करावं’ असा व्हिडिओ सुरू झाला होता आणि बंद करेपर्यंत बाईनं अर्धं काज केलंसुद्धा होतं. पुढे कित्येक दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. आता बंद होईल, उद्या बंद होईल. पण झालं नाही. मुखवटा कोपऱ्यात तसाच राहिला.

गेल्या आठवड्यात त्यानं ‘कळा कशा ओळखाव्यात’ हे बघितलं होतं. मग ‘दवाखान्याच्या पिशवीत काय भरावं’. त्यानंतर काही नाही. नुसते पाळणे. आता दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. एखाद्या सकाळी पान उघडेल आणि त्यावर रडणाऱ्या बाळाला कसं झोपवावं, असं काहीतरी असेल, म्हणजे सगळं सुखरूप पार पडलं. किंवा पाळणे एकदम थांबतील. ही दुसरी गोष्ट ती मनात पुरी होऊ देत नव्हती. पहाटे उठून आधी मशीनकडे बघायची आणि मग देवाकडे.

“शेवटची वस्तू,” तपासनीस म्हणाले. “ही व्हिडिओची साइट. धोका कमी. ‘काढल्यास तुम्ही या साइटवरून बाहेर पडाल.’”

“ते राहू द्या.”

तपासनिसांची मान सावकाश वळली.

“का?”

“मी शिवणाचं बघते त्यात.”

“काय बघतेस?”

“काज.”

“काज तू झोपेत करतेस. आणि बाहेर पडलं तरी बघता येतं, मी विचारून आलोय.” त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. “साहेब, तेवढं राहू द्या. घराघरांत ऐकलंय मी हे वाक्य. आणि जिथं ऐकलं, बरोबर तिथंच सापडलंय.”

“हे घर आहे. धाड नाही पडलेली.”

“लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरतेस कशाला?”

“घाबरते कुठं? एक ठेवलं तर काय बिघडतं? त्यानं काय तुमचं घोडं मारलंय?”

“एक ठेवलं की सगळे परत येतात. वायर एकच असते गं, तिच्यावर सगळा मोहल्ला चालतो.”

तिनं माउसवर हात ठेवला. त्यांच्या हातावरच. तपासनिसांनी तो बाजूला केला. जोरानं नाही, मीटरच्या पेटीवर आडवा हात धरणाऱ्या लोकांचे हात ते बाजूला करायचे तसाच. आणि बटण दाबलं.

“काढला.”

मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. तपासनीस हात चोळत होते. धरणाची बातमी उघडली. धरण काठोकाठ भरलेलं दिसलं, मध्ये पाळणा नाही, लंगोट नाही, काही नाही. पान चुटकीसरशी उघडलं होतं.

“बघ! याला म्हणतात मशीन. कधी ऐकायचं नाही नवऱ्याचं. आता हे तुझं काज बघ.” त्यांनी ती व्हिडिओची साइट उघडली. कोणा गाण्यांची, कोणा खेळांची चित्रं आली, सगळी परकी. ती बघत राहिली. तपासनीसही बघत होते. मग त्यांनी पुढे वाकून कोपऱ्याकडे बोट नेलं. तिथं एक राखाडी वर्तुळ होतं आणि त्यात तोंड नसलेलं डोकं.

“इथलं ते चिन्ह कुठं गेलं?”

“कसलं चिन्ह?”

“ते काळं. या कंपनीचं. नेहमी असतं बघ कोपऱ्यात.”

ती हसली. असं हसणं तिच्या तोंडून तपासनिसांनी कधी ऐकलं नव्हतं, त्यांचं बोट तसंच हवेत राहिलं.

“कंपनीचं चिन्ह! वा! चालत्या बसमधून आकडा दिसतो तुम्हाला. आणि हातभर अंतरावर तीन वर्षं पोराचा मुखवटा होता, तो नाही दिसला!”

“कोणाचा?”

“तुमच्या पोराचा. किती पोरं आहेत आपल्याला?” ती उभी राहिली, स्टूल मागे कलंडलं. “हो, चोरी केलीय मी. आकडा टाकला होता. पोराच्या लाइनीवर. तो काय शिजवतो ते मला त्यातनं कळायचं. त्याचं छत गळतं ते कळायचं, पाठ दुखते ते कळायचं. सून आली ती मला अंगठीच्या जाहिरातीतनं कळली. ते झगे, त्या बाटल्या, ते पाळणे, तुम्हाला कोण देतंय हो पाळणे? त्याच्यासाठी होते ते! पोरगी अडली असेल, सुटली असेल, बाळ रडलं असेल, नसेल, काही ठाऊक नाही मला. आज कळलं असतं. उद्या कळलं असतं. आणि तुम्ही मला शेजारी बसवून, पंच म्हणून बसवून, माझ्या डोळ्यांदेखत वायर कापलीत! दुसऱ्यांदा कापलीत! घ्या, करा पंचनामा. कुठं सही करू सांगा. तेव्हा नाही केली, आता करते!”

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तपासनीस खाली वाकले. चष्म्याचं घर टेबलाच्या पायाशी पडलं होतं, ते उचलायला त्यांना फार वेळ लागला. वर आले तेव्हा चेहरा लाल झालेला होता आणि ओठ कोरडे.

“कितवा महिना?” त्यांनी विचारलं.

“जाहिरातीत महिना लिहितात का?”

“तसं नाही. पण अंदाज.”

“भरलेत. कधीच भरलेत.”

ते खुर्चीत बसले. चष्म्याचं घर उघडलं, मिटलं. चष्मा तर डोळ्यांवरच होता.

“परत जोडता येईल,” ते म्हणाले.

“तुम्ही कधी काही जोडलंयत जन्मात?”

त्यांनी राखाडी वर्तुळावर दाबलं. खात्याचा पत्ता विचारला गेला. तो तिला पाठ होता; रोज कोपऱ्यात बघून बघून झालेला. तिनं सांगितला, रागातच, एकेक अक्षर सुटं करून. त्यांनी दोन बोटांनी टाइप केला. मग पासवर्ड विचारला. तो कोणाला ठाऊक असणार? त्याखाली बारीक अक्षरांत दुसरा मार्ग होता : खातं ज्याचं आहे त्याच्या फोनवर विचारणा पाठवायची, त्यानं हो म्हटलं तर दार उघडेल.

“दाबू नका,” ती म्हणाली. “इथनं कोणीतरी शिरतंय हे कळेल त्याला.”

“कळू दे.”

“चिडेल तो.”

“चिडू दे. बापावर गेलाय.”

त्यांनी दाबलं. ‘परवानगीची वाट पाहत आहोत’ अशी ओळ आली आणि तिच्यापुढे तीन टिंबं उड्या मारू लागली. कंपनीचा ओळखपत्राचा बिल्ला लावून ज्या माणसानं कोणत्याही दारावर परवानगी म्हणून मागितली नव्हती, तो त्या टिंबांकडे डोळे लावून बसला. ती मागे उभी होती. खुर्चीच्या पाठीवर तिची बोटं घट्ट आवळली होती. त्या क्षणी तिला नवऱ्याचा इतका राग येत होता, की तिथून हलावंसंही वाटत नव्हतं.

टिंबं थांबली.

“विनंती नाकारली,” तपासनिसांनी वाचलं. दिवसभर प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली होती, त्याच सवयीनं. मग म्हणाले, “बरोबर केलं त्यानं. ओळख नाही पटली तर आत घेऊ नये माणसाला.”

ती आत निघाली. पँटची कंबर अर्धी उसवलेली पडली होती.

ती उंबऱ्यावर असतानाच घरातला फोन वाजला.

कपाटावरचा तो फोन वाजायचा तो चुकीच्या नंबरसाठी, नाहीतर कपडे झाले का विचारायला. ती जागच्या जागी उभी राहिली. तपासनीस उठले, त्यांनी रिसीव्हर उचलला आणि कानाला लावण्याआधीच पलीकडचा आवाज खोलीभर झाला.

“आई कुठाय?”

तोच चढा सूर. हुबेहूब बापाचा.

तपासनिसांनी रिसीव्हर कानाला लावला.

“कोण बोलतंय? आई कुठाय, विचारतोय मी! तिनं ते काज बघितलं होतं, तेव्हापासून ठाऊक आहे मला ती येते ते. तिच्यासाठीच चालू ठेवलं होतं घरचं मशीन. आज अचानक कोणीतरी बाहेरून दार वाजवतंय, म्हणजे ते तुटलंय. काय झालंय तिला? खरं सांगा मला!”

“काही नाही झालेलं,” तपासनीस म्हणाले. “बरी आहे ती. इथंच उभी आहे.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “आकडा मी काढला. चुकून.”

चुकून हा शब्द त्यांनी कोणत्याच पंचनाम्यात लिहिला नव्हता. पलीकडे एकदम शांतता झाली. आणि त्या शांततेत, फोनपासून थोडं लांब, कोणीतरी रडायला लागलं. बारीक, धापा टाकत, संतापलेलं रडणं. जगात येऊन चार दिवस झाले नसतील आणि तक्रार मात्र आयुष्यभराची. आवाज घराण्याचाच होता.

तपासनिसांनी रिसीव्हर कानापासून दूर केला आणि तिच्यापुढे धरला.

तिनं तो घेतला. तीन वर्षं तिनं मनात काय काय ठेवलं होतं. कळवायची रीत नाही का, आई मेली असं समजलास का, लग्नात एक अक्षता टाकायचा हक्क नव्हता का मला. शिव्यासुद्धा ठरलेल्या होत्या, क्रमानं. तिनं फोन कानाला लावला. रडणं आता जवळ आलं होतं. त्यानं बाळाला उचललं असणार, आणि ज्या हातात फोन होता त्याच हाताच्या कोपरात घेतलं असणार, गाढवानं.

“मानेखाली हात घाल आधी,” ती म्हणाली. “आणि ओरडू नकोस एवढा. तान्ह्या बाळाजवळ असं ओरडतात का?”

“आई…”

“हात घातलास का मानेखाली?”

तपासनिसांनी कलंडलेलं स्टूल उभं केलं. खुर्ची शेजारीच रिकामी होती, पण ते त्या स्टुलावर बसले, पंचासारखे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

“घातला,” पलीकडून आवाज आला.